एक्केचाळिसाव्या वर्षी पायलट व्हायचंय? वाकडचा फ्लॅट तूर्त राहू द्या

वाचकाचं पत्र:

"वय एक्केचाळीस. मूळ कराडचा, आता वाकडला. बारावी सायन्स कराडलाच, मग मेकॅनिकल, आणि तेव्हापासून आयटीत. लहानपणापासून पायलट व्हायचं होतं, पण घरची परिस्थिती तशी नव्हती. गेल्या महिन्यात एका फ्लाइंग ॲकॅडमीच्या सेमिनारला गेलो. काउन्सेलर म्हणाले, लायसन्सला वयाची वरची मर्यादाच नाही, जेआरडींनी तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमान चालवलं. पन्नास लाखांत लायसन्स, दीड वर्षात एअरलाइन. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर सवलत. फ्लॅट विकला की कर्ज फिटून साठ-पासष्ट लाख हातात येतील, शिवाय पीएफ आहे. बायको शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, उडायचंय तर खुशाल उड, पण घर विकून नको. मुलगी नववीत. टाइप रेटिंगचा खर्च वेगळा असतो हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे, बीपीची अर्धी गोळी सोडली तर. काय करू?"

उत्तर:

पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती अर्धी गोळी. तिच्याकडे येतेच, पण आधी जेआरडींचं बघू, कारण काउन्सेलर मंडळी त्यांना फार राबवून घेतात.

जेआरडींनी 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपलंच जुनं कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं हे खरं आहे. पण त्यांना लायसन्स मिळालं 1929 मध्ये, चोविसाव्या वर्षी. 1982 साली त्यांच्या गाठीशी पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव होता आणि त्या उड्डाणावर कुणाचा ईएमआय अवलंबून नव्हता. तुमचा प्रश्न वेगळा आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकता येईल का, असं तुम्ही विचारत नाही. त्यातून घर चालेल का, हे विचारताय. पहिल्याचं उत्तर बहुधा हो. दुसऱ्याचं उत्तर कुठलाही सेमिनार देणार नाही, कारण सेमिनारचं काम पहिल्यावरच भागतं.

मी ग्राउंड क्लासमध्ये नेव्हिगेशन आणि मिटिऑरॉलॉजी, म्हणजे मार्ग काढणं आणि हवामान, शिकवते. तुमच्या वयाचे विद्यार्थी वर्गात येतात, आणि अभ्यासाच्या बाबतीत त्यांची काळजी करावी लागत नाही. पेपर नीट वाचतात, रिव्हिजन करतात, फोन बाजूला ठेवतात. साठ मैलांवर एक मैल बाजूला सरकलात तर ट्रॅकची चूक एक अंशाची, हा 'वन इन सिक्स्टी'चा हिशेब विशीतली मुलं पाठ करतात. इंजिनिअर माणूस तो का लागू पडतो हे विचारतो आणि मग विसरत नाही. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर म्हणजे नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल, पासिंगला सत्तर टक्के. शिवाय आरटीआर, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याचा परवाना. पूर्वी ते दूरसंचार खात्याकडे होतं, नव्या कायद्याने डीजीसीएकडे आलं. तुम्ही हे सगळं पास व्हाल. नोकरी न सोडता, रात्री जेवण झाल्यावर बसून पास व्हाल. आणि नोकरी न सोडता, हे शब्द लक्षात ठेवा.

वय आडवं येतं ते पुढे, पैसा परत येण्याच्या वेळी.

हिशेब मांडू. पन्नास लाखांत लायसन्स हे खोटं नाही, अर्धवट आहे. कमर्शियल पायलट लायसन्सला दोनशे तास लागतात, त्यातले किमान शंभर पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असताना, शिवाय क्रॉस-कंट्री म्हणजे लांबचं उड्डाण, रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंटचे म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याचे तास. छोट्या विमानाचा एक तास साधारण बारा ते अठरा हजारांच्या घरात पडतो. कुठलाही विद्यार्थी सगळे एक्सरसाइज पहिल्याच फटक्यात जमवत नाही, म्हणून तास वाढतात. त्यात मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, राहणं-खाणं, परीक्षांची फी. मग जे तुम्ही बायकोला सांगितलेलं नाही ते टाइप रेटिंग, म्हणजे ए-320 किंवा बोइंग 737 असं ठरावीक विमान चालवण्याचं प्रशिक्षण. त्याचे पंधरा ते पंचवीस लाख वेगळे. आणि हा सगळा काळ पगार बंद. फ्लॅट विकलात तर वाकडमध्येच भाड्याने राहाल, ते भाडंही याच खात्यात लिहा. आकडा पाऊण कोटीच्या पुढे जातो. मुलीचं अकरावी-बारावीचं अजून त्यात धरलेलं नाही.

दीड वर्षाचंही तसंच. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली येतात आणि शिकाऊ उड्डाण मंदावतं. एखादं विमान इन्स्पेक्शनला बसलं, एखादा पार्ट परदेशातून यायचा राहिला, एखादे इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये गेले, की तुमचे तास थांबतात. दोन ते अडीच वर्षं धरून चाला. म्हणजे लायसन्स हातात येईल तेव्हा तुम्ही चव्वेचाळीसच्या आसपास असाल.

आता एअरलाइन. काउन्सेलर म्हणाले तसं, लायसन्सला वरची वयोमर्यादा नाही. पण एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅमला, म्हणजे जिथे एअरलाइन आधी निवडते आणि मग शिकवून घेते, तिथे असते, आणि ती बहुतेक ठिकाणी तिशीच्या आसपास संपते. हा मुद्दा सेमिनारमध्ये कुणी काढला नसणार. उरतो खुल्या भरतीचा रस्ता. तिथे तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तेवढेच तास असलेली आणि त्याच रांगेत आधीपासून उभी असलेली बरीच मुलं भेटतील. भरती काय वेगाने निघेल हे कुणाच्याच हातात नाही. 2023 मध्ये इंडिगोने पाचशे आणि एअर इंडियाने चारशे सत्तर विमानांची ऑर्डर दिली, हे ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत असतं. त्याच 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली, 2019 मध्ये जेट, 2012 मध्ये किंगफिशर, हे ब्रोशरवर नसतं. अशी एक एअरलाइन बसली की तिचे अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासवाला आपोआप मागे सरकतो.

पंचविशीतला मुलगा दोन वर्षं थांबू शकतो. आईवडिलांकडे राहतो, शिकवण्या घेतो, तास चालू ठेवतो. थांबणंही फुकट नसतं: मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी, हात चालू राहावा म्हणून अधूनमधून उड्डाण. तुम्हाला तो थांबा परवडेल का, याचं उत्तर फ्लॅट गेल्यावर शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि समजा नोकरी लागली. एअरलाइनमध्ये पासष्टपर्यंत उडता येतं, म्हणजे वीस वर्षं हातात. हिशेब वाईट नाही, उलट चांगला आहे. पण सुरुवातीची पाच-सहा वर्षं कशी असतात ते घरात बसून नीट बोला. बेस पुणे मिळेल असं नाही, दिल्ली किंवा कोलकाता मिळू शकतो. रोस्टर येईल त्याप्रमाणे पहाटे तीनला उठायचं किंवा रात्री दोनला उतरायचं. मुलीची बारावी तुम्ही बहुधा व्हिडिओ कॉलवर बघाल. उजव्या सीटवरचे सहवैमानिक तुम्ही सत्तेचाळीसचे आणि डाव्या सीटवरची कॅप्टन तिशीतली, हे तर अगदी शक्य आहे. आयटीत तुम्ही मॅनेजर असाल. इथे ती 'चेकलिस्ट' म्हणाली की तुम्ही चेकलिस्ट वाचायची.

पण खरा कस त्याच्या कितीतरी आधी, ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यातच लागतो. सकाळी सूर्य वर येण्याआधी धुळे किंवा बारामतीसारख्या ठिकाणी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या फरशीवर, उभे राहा. सेसना 172 या छोट्या शिकाऊ विमानाच्या पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक कपात इंधन काढायचं, उजेडात धरून रंग बघायचा. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं, तो जाईपर्यंत काढत राहायचं. पंखाची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, हलवून बघायचा, टायर बघायचे, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबचं कव्हर काढलंय का बघायचं. यातलं एक राहिलं की तेवीस-चोवीस वर्षांचा इन्स्ट्रक्टर सगळ्यांसमोर विचारणार, "सर, हे कोण बघणार?" तो 'सर' म्हणेल, पण सूर तुम्हाला कळेल. मग सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी मारून पुन्हा उतरणं. पुन्हा सर्किट. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे बाजूने वारा असताना, विमान सेंटरलाइनवर धरायला विशीतल्या पोराला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा तुम्हाला बहुधा जास्त लागेल. हात डोक्यापेक्षा उशिरा शिकतात, आणि या वयात ते अंतर जास्त जाणवतं. हे गिळून हसत पुन्हा विमानात बसणारे मोठ्या वयाचे विद्यार्थी उत्तम पायलट होतात. जे इन्स्ट्रक्टरला आपला हुद्दा सांगत बसतात ते मध्येच सोडतात, आणि भरलेली फी परत मिळवण्यासाठी मग वर्षभर ईमेल लिहीत बसतात.

म्हणून माझं म्हणणं असं. स्वप्न सोडू नका, पण खर्चाचा क्रम उलटा करा. सगळ्यात स्वस्त गोष्ट आधी, सगळ्यात महाग गोष्ट शेवटी. प्रत्येक पायरीवर 'इथून परत फिरायचं का' हे विचारायची मुभा स्वतःला ठेवा.

पहिलं काम कागदांचं. डीजीसीएच्या परीक्षेला बसायला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. तुमची बारावी कराडची, म्हणजे कोल्हापूर विभागीय मंडळ. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स होतं हे बरं झालं. ज्यांचं नसतं त्यांना ते दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून द्यावे लागतात. नाव दहावीवर एक, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही, असली भानगड असेल तर ती आत्ताच निस्तरा. या स्पेलिंगपायी माणसं महिनोन्‌महिने अडकतात.

दुसरं मेडिकल, आणि इथे ती अर्धी गोळी येते. आधी क्लास टू, डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे. मग क्लास वन, म्हणजे कमर्शियल लायसन्सला लागणारी कडक तपासणी. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीचं हवाई दलाचं तपासणी केंद्र एएफसीएमई ही त्यातली जुनी, मोठी ठिकाणं. ईसीजी, ट्रेडमिल, रक्त, लघवी, ऐकणं, रंग ओळखणं, डोळे, सगळं होतं. चष्मा असला तर फार बिघडत नाही. नियंत्रणात असलेलं बीपी म्हणजे आपोआप 'अनफिट' असंही नाही, पण कुठली गोळी आहे, किती दिवस चालू आहे, तिने झोप किंवा चक्कर येते का, हे सगळं बघतात. काही गोळ्या चालतात, काही चालत नाहीत. म्हणून गोळी बंद करून जाऊ नका. तपासणीच्या आधी आठ दिवस गोळी सोडून, बीट-लसणावर राहून जाणारे लोक आहेत. ट्रेडमिलवर त्यांचं पितळ उघडं पडतं. फॉर्मवर लपवणं तर मुळीच नको. तो जाहीरनामा असतो, आणि खोटा निघाला तर प्रश्न बीपीचा राहत नाही, लायसन्सचा होतो. तुमच्या फिजिशियनकडून गोळीचं नाव, डोस आणि गेल्या काही महिन्यांची रीडिंग्ज लेखी घ्या आणि एव्हिएशन मेडिसिन बघणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवा. गोळी बदलायची असेल तर ती त्या दोघांच्या सल्ल्याने बदलेल.

तुम्हाला क्लास वन मिळेल की नाही, हे आज मला, तुम्हाला किंवा त्या काउन्सेलरला माहीत नाही. ते माहीत नसताना पन्नास लाखांचा चेक मागणारी संस्था मला पसंत नाही, इतकंच म्हणते. मेडिकलला काही हजार रुपये आणि थोडी रजा लागेल. त्याआधी एक रुपयाही कुठे भरू नका. 'सीट ब्लॉक करायला फक्त पन्नास हजार' हेसुद्धा नाही.

तिसरं, पेपर. नोकरी चालू ठेवून. चारही निघाले की तुम्हाला स्वतःबद्दल खूप काही कळलेलं असेल. मुख्य म्हणजे हे आकर्षण विमानाचं आहे की आयटीतून सुटण्याचं, ते कळेल. दुसरं असेल तर त्यावर पाऊण कोटीपेक्षा स्वस्त उपाय आहेत, त्याचं पत्र वेगळं लिहा.

हे झाल्यावरच उड्डाण, आणि तेही थोडं. रजा टाकून काही तास उडून बघा, पैसे त्या-त्या तासांचे द्या. महाराष्ट्रातच धुळे, बारामती, गोंदिया, जळगाव, नागपूर अशी ठिकाणं आहेत. 1928 मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंगही आता जुहूऐवजी धुळ्याला चालतं. 2025 च्या ऑक्टोबरपासून डीजीसीए फ्लाइंग संस्थांची श्रेणी जाहीर करते, ती बघा. पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणीत एकही संस्था नव्हती, यावरून एकूण परिस्थितीचा अंदाज येईल. संस्थेत गेलात की रिसेप्शनवर कमी आणि कँटीनमध्ये जास्त वेळ बसा. विद्यार्थ्यांना विचारा, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? एकूण विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती? इन्स्ट्रक्टर किती, आणि ते किती दिवसांनी बदलतात? फी एकरकमी घेणाऱ्या संस्थेपेक्षा टप्प्याटप्प्याने घेणारी बरी. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर होतात, पण परत आल्यावर लायसन्स इथलं करून घेण्याची पायरी असते, आणि नववीतल्या मुलीला सोडून एवढे महिने लांब राहणं तुम्हाला जमेल असं पत्रावरून वाटत नाही.

यापुढचं माझं मत थोडं धंद्याच्या आतलं आहे. तुमच्या वयाच्या माणसाने एअरलाइनवरच नजर लावून बसू नये. इन्स्ट्रक्टर व्हायचं बघावं. देशात फ्लाइंग संस्था वाढताहेत आणि जे तरुण इन्स्ट्रक्टर होतात ते तास जमले की एअरलाइनला पळतात. तिथे टिकून राहणारा, शांत डोक्याचा, पोरांना समजावून सांगू शकणारा पंचेचाळिशीतला माणूस कुणालाही हवा असतो. कमर्शियल लायसन्सनंतर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंगचा वेगळा कोर्स असतो. पैसे एअरलाइनइतके नाहीत, पण उड्डाण रोज असतं, टाइप रेटिंगचा खर्च वाचतो, आणि तास वाढत राहिल्याने पुढचे दरवाजे उघडे राहतात. एअरलाइन मिळाली तर वरचा लाभ समजा. घराचं बजेट मात्र इन्स्ट्रक्टरच्या पगारावर मांडून बघा. त्यात बसत असेल तर पुढे जा.

बसत नसेल तर प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, किमान चाळीस तासांचं. त्यावर पैसे कमावता येत नाहीत, पण नोकरी सांभाळून एक-दोन हिवाळ्यांत होतं, फ्लॅट जागच्या जागी राहतो आणि रविवारी सकाळी मुलीला शेजारी बसवून नेता येतं. हे कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही, जरी सेमिनारमध्ये त्याला कुणी टाळ्या वाजवत नसले तरी.

आता घरचं. तुमच्या बायकोने तुम्हाला अडवलेलं नाही. तिने एक अट घातली आहे, आणि ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी अट आहे. फ्लॅट राखून किती रक्कम उभी राहते ते बघा: बचत, थोडं शैक्षणिक कर्ज, हवं तर पीएफचा काही भाग. सगळा पीएफ नको, पासष्टनंतरही जगायचं असतं. तेवढ्यात जिथवर जाता येईल तिथवर जा. टाइप रेटिंगचं तिला या आठवड्यात सांगा, आकड्यासकट, कागदावर लिहून. सेमिनारच्या ब्रोशरच्या मागे कोरी जागा असते. ती शिक्षिका आहे. लपवलेली बेरीज तिला तुमच्या आधी सापडेल, आणि मग वाद पैशाचा राहणार नाही.

मुलीलाही बसवा त्या चर्चेत. नववीतली मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच ऐकत असतात.

क्लास वनचा निकाल आला की मला पुन्हा लिहा, गोळीच्या नावासकट. तोवर काउन्सेलरचा फोन आला तर सांगा, मेडिकल व्हायचंय. महिनाअखेरीची ती सवलत पुढच्या महिनाअखेरीलाही असते.